मजुरीचे ऋण आणि क्षमेचा उपदेश

एखाद्या माणसाची नोकरी अचानक जाते. दोन-तीन महिन्यांचा पगार मालकाकडे अडकलेला असतो, बारा-चौदा वर्षांच्या सेवेची ग्रॅच्युइटी हाती आलेली नसते, आणि ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढ्या तोंडी निरोपापलीकडे त्याला कोणतेही कारण सांगितलेले नसते. तो घरी येतो. चार आप्तेष्ट जमतात आणि सल्ल्यांना सुरुवात होते. कोणी म्हणतो, “जाऊ दे, देव पाहून घेईल.” कोणी म्हणतो, “ज्याचे मीठ खाल्ले त्याला कोर्टात खेचणे बरे नव्हे.” मालक आपल्याच समाजातला आणि चर्चच्या सणाला सढळ हाताने देणगी देणारा असला, तर “आपल्याच माणसाची अब्रू चव्हाट्यावर कशाला?” असेही कुणीतरी सुचवतो. आणि शेवटी, सगळे युक्तिवाद संपल्यावर, एक वाक्य हमखास येते : “आपण ख्रिस्ती आहोत. प्रभूने क्षमा करायला शिकवले आहे.”

हे वाक्य ऐकले की तो माणूस गप्प होतो. त्याचे समाधान झालेले असते म्हणून नव्हे, तर या वाक्याला उत्तर कसे द्यावे हे त्याला ठाऊक नसते म्हणून. आपल्या श्रमाचे पैसे मागणे हा क्षमाधर्माचा भंग आहे काय? अन्यायाने काढून टाकणाऱ्या मालकाविरुद्ध दाद मागणारा कामगार कमी प्रतीचा ख्रिस्ती ठरतो काय? हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटला, तरी त्याचे मूळ आपल्या श्रद्धेच्या आकलनात आहे. म्हणून त्याचा विचार शांतपणे, पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेची शिकवण समोर ठेवून व्हायला हवा.

मीठ कोणाचे?

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. खाल्ल्या मिठाला जागावे, ही म्हण आपल्या रक्तात भिनलेली आहे. कृतज्ञता हा थोर गुण आहे यात शंका नाही. पण ही म्हण पगाराला लावताना आपण नकळत एक मोठी चूक करतो. ज्या घरी आपण पाहुणे म्हणून जेवलो त्या घरचे मीठ आपण खाल्लेले असते. ज्याच्या यंत्रावर आपण आठ तास उभे राहिलो त्याचे मीठ आपण खाल्लेले नसते. त्या तासांचे मोल आपण त्याला आधीच चुकवलेले असते. पगार घेताना कामगार जे मीठ खातो ते त्याच्याच घामाचे असते. ‘मालक’ या शब्दानेही अशीच फसगत होते. मालक कशाचा? जागेचा, यंत्राचा, कच्च्या मालाचा. त्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाचा मालक एकच, आणि तो स्वर्गात आहे.

याच भाषेने आपल्याला दुसरी एक म्हणही दिली आहे : पाठीवर मारावे, पण पोटावर मारू नये. आपल्या पूर्वजांनी शरीराला होणारी इजा आणि उपजीविकेवर होणारा घाला यांची तुलना केली आणि दुसरा घाला अधिक क्रूर ठरवला. बेन सिराखच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात हाच विचार अधिक कठोर शब्दांत आला आहे. शेजाऱ्याची उपजीविका हिरावणारा त्याचा जीव घेतो आणि मजुराची मजुरी बुडवणारा रक्तपात करतो, असा त्या शास्त्रवचनाचा आशय आहे. मजुरी बुडवणे ही तिथे हिशेबातली कुचराई राहत नाही. ती खुनाच्या शेजारी जाऊन बसते.

सूर्यास्तापूर्वी

मोशेच्या नियमशास्त्राने मजुरीला दिलेले स्थान पाहण्यासारखे आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की, गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. मग तो मजूर स्वजातीय असो वा परदेशी. त्याचे कारणही तिथेच दिले आहे : तो गरीब आहे आणि त्याचे चित्त त्या मजुरीकडे लागलेले आहे, त्याने परमेश्वराकडे गाऱ्हाणे केले तर देणाऱ्याच्या माथी पाप लागेल. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवून घेण्यास मनाई आहे. मजुरी अजिबात न देणे तर दूरच, ती एक रात्र अडकवून ठेवणेही दोषास्पद मानले आहे. ज्याच्या पेटीत पैसा आहे त्याच्यासाठी एक रात्र म्हणजे काहीच नव्हे. ज्याच्या चुलीत विस्तव नाही त्याच्यासाठी तीच रात्र फार लांब असते. देव वेळ मोजतो ती दुसऱ्याच्या घड्याळाने.

यिर्मया संदेष्ट्याने यहोयाकीम राजावर ओढलेले कोरडे याच कारणासाठी होते. प्रशस्त दालने आणि गंधसरूची तावदाने असलेला राजवाडा त्याने बांधला, पण बांधणाऱ्यांना वेतन दिले नाही. संत याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात श्रीमंत शेतमालकांना सुनावले की, कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र काढले, तेव्हा त्यांनी याकोबाच्या याच वचनाचा आधार घेऊन मजुरी बुडवण्याला महापातक म्हटले. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपण हे नाव का घेतले ते सांगताना त्याच विश्वपत्राची आठवण काढली. १९९२ च्या ‘कॅथोलिक धर्मशिक्षण’ ग्रंथात स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांची यादी आहे. हाबेलाचे रक्त आणि विधवा-अनाथांचा टाहो यांच्या रांगेतच मजुरावरील अन्याय तिथे आला आहे.

या सर्वांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ठसवली जाते. मजुरी हे ऋण आहे. ती देणगी नव्हे, बक्षीस नव्हे, मेहेरबानीही नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर जो हुकूमनामा काढला, त्यात बजावले आहे की, न्यायाने जे देणे लागते ते प्रीतिदान म्हणून देऊ नये. आधी न्यायाची मागणी पुरी करावी. नाताळला कामगाराच्या मुलांना कपडे घेणारा आणि वर्षभर त्याचा भविष्य निर्वाह निधी न भरणारा मालक आपल्याला दयाळू वाटतो. महासभेच्या कसोटीवर तो अजून न्यायाच्याच पायरीवर अडखळलेला असतो.

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला कधी कधी मालकांच्या बाजूने सांगितला जातो : “माझ्या पैशाचे मी हवे ते करीन.” पण तो दाखला नीट वाचावा. तो धनी संध्याकाळ होताच मजुरी चुकती करण्याची आज्ञा देतो. पहाटेपासून राबलेल्यांना ठरलेला दीनार पुरता मिळतो. त्यातली कवडीही कमी होत नाही. त्याचे औदार्य न्यायाच्या वर चढते, न्यायाच्या खाली कधी उतरत नाही. उशिरा आलेल्यांनाही तो दिवसाचे पोट भरेल एवढे देतो. कराराच्या नावाखाली पोटाला कमी देणाऱ्याला या दाखल्यात कुठेही आसरा नाही.

क्षमा म्हणजे येणे सोडणे नव्हे

आता मूळ आक्षेपाकडे वळू. क्षमेचे काय?

क्षमा आणि येणे सोडून देणे या दोन निराळ्या कृती आहेत. क्षमा करणे म्हणजे अपराध्याविषयीचा द्वेष टाकणे, त्याचे वाईट न चिंतणे, त्याच्यासाठी प्रार्थना करू शकणे. ही आज्ञा आहे, आणि तिला अपवाद नाही. येणे सोडून देणे हा मात्र पैशाचा व्यवहार आहे. तो करावा की न करावा हे परिस्थितीवर आणि मुख्य म्हणजे ते येणे कोणाचे आहे यावर अवलंबून असते. कामगाराचा पगार एकट्या कामगाराचा नसतो. त्यात बायकोचे औषध, मुलांची फी आणि म्हाताऱ्या आईचा चहा असतो. जे इतरांचेही आहे ते सोडून देण्याचे औदार्य कोणाला दाखवता येईल? भिडेपोटी पगार सोडून देणारा बाप पुष्कळदा क्षमा करत नसतो. तो आपल्या भित्रेपणाला क्षमेचे नाव देत असतो.

शिवाय, जे ऋण समोरचा मान्यच करत नाही ते माफ तरी कसे करणार? ‘तुझे काहीच येणे नाही’ असे म्हणणाऱ्याला ‘मी माफ केले’ असे म्हणणे म्हणजे त्याच्या असत्यावर आपली सही करणे होय. आधी सत्य उच्चारले गेले पाहिजे. मग माफी द्यायची की नाही, हा प्रश्न उद्भवतो.

प्रभू येशूने दुसरा गाल पुढे करण्यास सांगितले हे खरे. पण महायाजकासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा प्रभू मुकाट्याने बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरे बोललो असेन तर का मारतोस, असा रोखठोक जाब त्याने विचारला. त्या जाबात द्वेषाचा लवलेश नाही, आणि तरी तो जाब आहे. संत पौलाला फिलिप्पै येथे चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले गेले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा त्याने जायला नकार दिला. त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा आग्रह धरला. ज्याला उघडपणे अपमानित केले त्याला चोरपावलांनी घालवून देऊ नये, हे पौलाचे म्हणणे कामावरून अन्यायाने काढलेल्या प्रत्येकाचे म्हणणे असते.

मग त्याच पौलाने करिंथकरांना, भावाने भावाविरुद्ध परक्या न्यायालयात जाऊ नये, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असे लिहिले त्याचे काय? तो सहावा अध्याय पूर्ण वाचला पाहिजे. पौल तिथे दोन गोष्टी आणखी विचारतो. भावाभावांतील तंट्याचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? आणि तुम्ही स्वतःच अन्याय करता, हिरावून घेता, आणि तेही आपल्या बंधूंचे, हे कसे? म्हणजे त्याचे ताशेरे सोसणाऱ्यापेक्षा लुबाडणाऱ्यावर आणि हात बांधून पाहत राहणाऱ्या मंडळीवर अधिक आहेत. आपण या वचनातला पहिला भाग कामगाराला ऐकवतो आणि उरलेले दोन भाग झाकून ठेवतो. धर्मग्रामात त्याला न्याय देईल असा कोणी नसेल आणि म्हणून तो न्यायालयाची पायरी चढला, तर लाज त्याची नव्हे, आपली आहे.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ एका लहानशा कारखान्यात सोळा वर्षे पॅकिंगचे काम करत होते. खाते बंद करताना मालकाने त्यांच्यापुढे एक पाकीट ठेवले आणि रेव्हेन्यू स्टँप चिकटवलेला, रक्कम न लिहिलेला कागद ठेवला. त्यांनी सही केली नाही. तीन पत्रे लिहिली, मग ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेले. निकाली निघायला दोन वर्षे लागली. मालक त्याच चर्चमध्ये येत असे. मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली की हे गृहस्थ त्याच्याकडे वळून हात जोडत. कुणीतरी त्यांना याबद्दल छेडले तेव्हा ते म्हणाले, “शांती मला त्याला द्यायची आहे. पगार त्याने मला द्यायचा आहे. हे दोन वेगळे हिशेब आहेत.” क्षमेवर मी ऐकलेल्या अनेक प्रवचनांपेक्षा हे तीन वाक्यांचे उत्तर मला अधिक स्पष्ट वाटते.

दाद मागण्याची रीत

दाद मागणे रास्त असले तरी ती कशीही मागावी असे नव्हे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने जी रीत घालून दिली आहे ती इथे तंतोतंत लागू पडते. अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जावे; ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार न्यावेत; तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. या पायऱ्यांचा हेतू भावाला हरवणे हा नसून त्याला परत मिळवणे हा आहे. म्हणून पहिली पायरी समोरासमोरची आणि सौम्य शब्दांची. पुढची पायरी लेखी पत्राची, ज्यात तारखा आणि रकमा स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. मग सहकारी, युनियन किंवा जाणता वकील. आणि मग शासनाने नेमलेली यंत्रणा. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, हजेरीची नोंद, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक हे सर्व जपून ठेवणे हा अविश्वास नव्हे. सत्याला साक्षीदार लागतात. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये, कारण ती असत्याला दिलेली परवानगी असते. दाव्यांना मुदतीही असतात. खाजगी शाळेतून बडतर्फ केलेल्या महाराष्ट्रातील शिक्षकाला १९७७ च्या कायद्यानुसार शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्यास तीस दिवसच मिळतात. ‘देव पाहून घेईल’ म्हणत बसल्यास तो दरवाजा आपल्या हातानेच बंद होतो.

कायदाही शास्त्राच्या वाटेपासून फार दूर नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने ठरवले होते की, मालकाने कामावरून काढलेल्या माणसाचे वेतन दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी चुकते व्हावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. तिच्यातही दोन कामाच्या दिवसांचे बंधन आहे आणि ते राजीनामा देणाऱ्यालाही लागू आहे. मोशेचा सूर्यास्त कायद्याने दोन दिवसांवर नेला, एवढाच फरक.

कामावरून काढण्याच्या बाबतीतही हेच दिसते. आरोपपत्र द्यावे, चौकशी करावी, कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी, हे कायदा सांगतो, तेव्हा तो निकदेमाचाच प्रश्न विचारत असतो. माणसाचे आधी ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय, असे निकदेमाने परुशांना विचारले होते. १७२३ साली इंग्लंडमधील एका न्यायाधीशाने, केंब्रिज विद्यापीठाने न ऐकताच पदव्या काढून घेतलेल्या एका विद्वानाच्या प्रकरणात, एदेन बागेचा दाखला दिला : देवानेही आदामाला शिक्षा सुनावण्यापूर्वी हाक मारून त्याचे म्हणणे विचारले. सर्वज्ञ देवाला विचारण्याची गरज नव्हती. तरी त्याने विचारले. ज्या मालकाला सर्वज्ञता नाही, त्याने न विचारता कामगाराला हाकलावे काय?

दाद मागणाऱ्यावरही बंधने आहेत. न केलेल्या जादा कामाचे तास मागणीत घालू नयेत. आपल्या चुका लपवू नयेत. यंत्राची मोडतोड, खोटी साक्ष, मालकाच्या कुटुंबाची निंदा यांपासून दूर राहावे. ‘रेरुम नोव्हारुम’नेही कामगाराला प्रामाणिक काम आणि अहिंसक वर्तन यांचे कर्तव्य सांगितले आहे. खरा दावा खोट्याने वाढवला की खऱ्याचाही विश्वास जातो.

आणि लढा नेहमी द्यावाच असेही नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. अनेकांच्या तक्रारी रास्त होत्या, तरी कितीतरी घरे त्यात उद्ध्वस्त झाली. रास्त मागणीलाही विवेकाची जोड लागते. एखाद्याची प्रकृती, वय, मुलीचे लग्न, नवी नोकरी यांचा विचार करून कोणी कमी रकमेवर तडजोड केली, तर त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण तो निर्णय सर्वस्वी त्याचा असावा. पिडलेल्याने स्वखुशीने येणे सोडले तर ते दान होईल. आपण त्याला धर्माचे नाव सांगून सोडायला लावले तर ती बळजबरी होईल, आणि तिचा फायदा बळकटालाच मिळेल.

आपणही मालक आहोत

इथवर आपण कामगाराच्या बाजूने बोललो. पण हे वाचणाऱ्या पुष्कळ घरांत कोणीतरी सकाळी येऊन भांडी घासते, वाडीत पाणी शिंपते, आजारी आजोबांना सांभाळते. आपल्या संस्था आहेत, शाळा आहेत, दवाखाने आहेत. तिथे मालक आपणच आहोत.

घरकाम करणाऱ्या स्त्रिया बहुतेक कामगार कायद्यांच्या बाहेरच राहिल्या. महाराष्ट्राने २००८ साली त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला, तरी महिना भरला की पैसे हातात पडतील की नाही, हे अजूनही घरच्या मालकिणीच्या मनावरच असते. एक खाडा झाला की पैसे कापायचे, आणि आपण गावी गेलो त्या आठवड्याचेही कापायचे, हा हिशेब आपल्या घरांत अनोळखी नाही. वसई, पालघर, डहाणू या पट्ट्यातील आदिवासी मजुरांच्या पिढ्यांनी वेठबिगारी भोगली. १९४५ साली वारल्यांनी तिच्याविरुद्ध उठाव केला. वेठबिगारी देशभर बेकायदा ठरवणारा कायदा मात्र १९७६ साली झाला. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय. भुकेपोटी कोणी ‘होय’ म्हटले, म्हणून त्याची खुशी सिद्ध होत नाही.

संस्थांच्या बाबतीत एक वेगळा मोह असतो. ‘ही देवाची सेवा आहे’ असे म्हणून कमी पगार देण्याचा तो मोह होय. सेवाव्रत स्वेच्छेने घेतले जाते. धर्मभगिनीने ते घेतले म्हणून तिच्या शाळेतील शिक्षिकेने किंवा शिपायाने ते घेतलेले नसते. १९८६ साली फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न आला होता की, अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळांना वेतनविषयक तरतुदींतून सूट असावी काय. न्यायालयाने ती सूट रद्द केली. अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा जो हक्क घटनेने दिला आहे, त्यात शिक्षकांना इतरांपेक्षा कमी देण्याचा हक्क बसत नाही. हे आपल्याला न्यायालयाने सांगावे लागावे, याचा खेद वाटला पाहिजे.

लहान मालकाच्या अडचणी खऱ्या असतात हेही मान्य केले पाहिजे. त्याची बिले मोठ्या कंपनीकडे अडकतात, बँक थांबत नाही, काम घटते. अशा वेळी त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नाही, सत्याची आहे. त्याने कामगारांना बसवून हिशेब दाखवावा, थोडे थोडे का होईना देत राहावे, देण्याची तारीख लेखी द्यावी, आणि स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी घ्यावा. अडचणीत असलेला मालक आणि लबाड मालक यांतला फरक रकमेत कमी आणि वागणुकीत अधिक दिसतो. तोबिताच्या पुस्तकात म्हातारा तोबित मुलाला उपदेश करतो की, तुझ्यासाठी काम करणाऱ्याची मजुरी त्याच दिवशी दे. पुढे प्रवासातल्या सोबत्याची मजुरी देण्याची वेळ आली तेव्हा बापलेकांनी ठरलेल्यापेक्षा कितीतरी अधिक देऊ केले. तो सोबती राफाएल देवदूत होता, हे त्यांना तोवर ठाऊक नव्हते. मजुरी चुकती करताना समोर कोण उभा आहे, हे आपल्यालाही ठाऊक नसते.

वेदीपाशी

सिराखच्या ज्या चौतिसाव्या अध्यायाचा उल्लेख वर आला, त्यात मजुरीच्या वचनाआधीच अर्पणांचा विषय आहे. अन्यायाने मिळवलेल्या धनाचे अर्पण देवाला मान्य नाही. गरिबांचे हिरावून देवाला वाहणे म्हणजे बापाच्या डोळ्यांदेखत मुलाचा बळी देणे, असा त्याचा आशय आहे. १५१४ साली क्युबा बेटावर बार्तोलोमे दे लास कासास हे धर्मगुरू पेंटेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करत असता हाच अध्याय त्यांच्यापुढे आला. त्यांच्याकडे स्वतःकडेच सक्तीने राबणारे मूळ रहिवासी होते. तीन वर्षांपूर्वी, १५११ मध्ये, अंतोनियो दे मोन्तेसिनोस या डोमिनिकन धर्मगुरूने सान्तो दोमिंगोच्या वेदीवरून याच अन्यायाविरुद्ध वसाहतवाल्यांना धारेवर धरले होते. त्या वेळी जे झाले नव्हते ते या अध्यायाने केले. लास कासास यांनी आपल्या ताब्यातील माणसे सोडून दिली आणि उरलेले दीर्घ आयुष्य त्यांच्या न्यायासाठी वेचले. पुढे आफ्रिकेतील गुलाम आणण्याची सूचना करण्याची गंभीर चूकही त्यांच्या हातून झाली, आणि तिचा त्यांनी पश्चात्ताप केला. पण प्रारंभ झाला तो एका धर्मगुरूने आपणच कोणाचे तरी देणे लागतो हे ओळखण्यापासून.

आपण ज्याला क्षमेचा उपदेश करतो तो बहुतेक वेळा येणेकरी असतो. देणेकऱ्याकडे आपण क्वचितच जातो, कारण त्याच्याकडे जाणे अवघड असते. तो वजनदार असतो, त्याच्या देणगीवर आपली एखादी योजना अवलंबून असते. पण प्रभूने डोंगरावरील प्रवचनात समेटाविषयी जे सांगितले त्याची दिशा नेमकी उलट आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा आणि मग येऊन अर्पण कर. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याने उठायचे आहे. पहिले पाऊल देणेकऱ्याने टाकायचे आहे.

१९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमला. त्या दिवशी आपण नाझरेथच्या सुताराचे गुणगान करतो. वेदीवर आणलेली भाकर माणसाच्या श्रमाचे फळ आहे असे प्रत्येक मिस्सामध्ये ऐकतो. ती भाकर वर उचलली जात असताना आपल्यापैकी प्रत्येकाने मनात एक हिशेब तपासावा : कोणाचे श्रम माझ्याकडे अडकलेले आहेत? उत्तर मिळाले तर अर्पण थोडा वेळ थांबू शकते. मजुराला थांबवून ठेवण्याची परवानगी मात्र आपल्याला कोणीही दिलेली नाही.